परक्यांनी सांगितलेले भविष्य

२०२५ च्या जून महिन्यातील एका रविवारची सकाळ. मृग लागून आठवडा होऊन गेला होता. मावल्याच्या तलावापलीकडील रानांतून कपाशीच्या लावणीची घाई उडाली होती आणि माणसे पहाटेच घराबाहेर पडत होती. अशा दिवसांत शेतकरी मनुष्य कोणाच्या ओसरीवर येऊन बसत नाही. तरीही माझ्या एका जुन्या विद्यार्थिनीचे वडील सकाळी आठाच्या सुमारास माझ्या दारात येऊन उभे राहिले. त्यांच्या मागे ती होती. डोळे सुजलेले, हातात मोबाइल.

"गुर्जी," ते उभ्याउभ्याच म्हणाले, "पोरगी कालपासून जेवली नाही. त्या फोनात कोणाकोणाला इचारते अन् रडते. तिथं काय लिहून हाय ते तुमीच एकदा पाहा."

आदल्या दिवशी, १४ जूनला, वैद्यकीय प्रवेशाच्या 'नीट' परीक्षेचा निकाल लागला होता. ही मुलगी सहावीपासून दहावीपर्यंत आमच्या मराठी माध्यमाच्या शाळेत होती. २०२३ साली दहावी झाल्यावर ती नांदेडला मावशीकडे गेली, अकरावी-बारावी तिने तेथेच केली आणि परीक्षेला बसली. गुण बरे होते. अतिशय उत्तम नव्हेत, अगदीच वाईटही नव्हेत. सगळा घोळ अशाच गुणांचा असतो. उत्तम गुण मिळविणाऱ्याला काही विचारावे लागत नाही आणि अगदी कमी गुण मिळविणारा विचारीत नाही. विचारतो तो मधला, ज्याचे एक पाऊल उंबरठ्याच्या आत आहे की बाहेर हे त्याला स्वतःला कळत नाही.

तिने फोन माझ्यापुढे धरला. देशभरातील परीक्षार्थी जेथे एकमेकांशी बोलतात अशा एका ठिकाणी तिने आपले गुण, आपला प्रवर्ग आणि 'तेलंगण' हा एक शब्द, एवढेच लिहून विचारले होते, "मला सरकारी महाविद्यालय मिळण्याचा चान्स आहे का?" खाली सतरा उत्तरे होती. उत्तर देणाऱ्यांची नावे नव्हती. कोणाच्या जागी वाघाचे चित्र, कोणाच्या जागी नुसता आकडा. एकाने लिहिले होते, "शंभर टक्के मिळेल, निश्चिंत झोप." दुसऱ्याने, "अजिबात नाही, वडिलांचे पैसे वाचव." तिसऱ्याने कोठल्याशा कोष्टकाच्या आधारे चौसष्ट टक्के शक्यता वर्तविली होती. चौथ्याने केवळ हसरा चेहरा काढला होता. मी सतराही उत्तरे चष्मा पुसून पुसून वाचली आणि मग तिला विचारले, "बाळ, तू बारावी कोठून केलीस हे यांच्यापैकी कोणी विचारले का?"

तिने मान हलविली. कोणीच विचारले नव्हते.

वाचकहो, या एका प्रश्नावर सारे अडलेले होते. ते कसे, हे सांगण्यापूर्वी थोडे मागे जाणे भाग आहे.

आपले भविष्य परक्याच्या तोंडून ऐकण्याची ओढ काही आजची नाही. माझ्या लहानपणी परीक्षा जवळ आली की आई गावच्या जोशीबुवांकडे जाई. पदराखाली शिधा असे. जोशीबुवा पंचांग उघडीत, बोटांची पेरे मोजीत आणि म्हणत, "मुलगा हुशार आहे, पण जरा चंचल आहे. अभ्यास केला तर पास होईल." हे सांगायला पंचांगाची गरज नव्हती. मी त्यांच्याच आवारातील चिंचेवर दिवसभर चढलेला असे, ते त्यांना दिसत होते. त्यांचे भविष्य म्हणजे शेजाऱ्याने ग्रहांच्या नावावर केलेली कानउघाडणीच होती. त्यात शास्त्र किती होते हे मला ठाऊक नाही, परंतु ज्याच्याविषयी सांगायचे त्याची ओळख निश्चित होती. भविष्य चुकले, तर दुसऱ्या दिवशी आईशी गाठ होती, हेही होतेच.

पुढे १९९१ साली मी उस्मानिया विद्यापीठात मराठीच्या एम. ए. साठी निघालो, तेव्हा आदिलाबादहून हैदराबादला जाणाऱ्या एस. टी. त माझ्या शेजारी एक गृहस्थ बसले होते. पांढरा सदरा, खिशाला पेन, मांडीवर चामडी पिशवी. कोठे निघालास, म्हणून त्यांनी चौकशी केली. मी सांगताच ते दयेने हसले. "तेलुगू राज्यात मराठी शिकून काय करणार? पाच-दहा वर्षांत तुमच्या मराठी शाळाच उरणार नाहीत." एवढे सांगून ते निर्मलला उतरून गेले. खरे सांगतो, त्यांच्या मागोमाग आपणही उतरावे आणि उलट गाडीने घरी जावे, असे मला क्षणभर वाटले होते. ज्याचे नाव ठाऊक नाही, ज्याचा पुन्हा चेहरा दिसायचा नाही, त्याच्या एका वाक्याचा धसका मी वर्षभर बाळगला. आज ३० वर्षांहून अधिक काळ लोटला आहे. मराठी शाळांतील पट रोडावला हे खरे, पण आमची शाळा अजून उघडते आणि सकाळची प्रार्थना होते. निर्मलच्या त्या गृहस्थांना हे कळविण्याचा मार्ग मला उपलब्ध नाही. परक्या भविष्यवेत्त्याची हीच मोठी सोय असते. त्याचे भाकीत खरे ठरले की खोटे, हे त्याला कधीच कळत नाही.

तेव्हा त्या मुलीला हसण्याचा अधिकार मला नव्हता. मी तिला आत बोलाविले, चहा ठेवायला सांगितला आणि कागद-पेन्सिल घेऊन बसलो.

प्रथम त्या टक्क्यांचा विचार केला. ही भाकिते होतात कशी? प्रवेशाच्या प्रत्येक फेरीनंतर कोणत्या महाविद्यालयात कोणत्या क्रमांकापर्यंत जागा मिळाल्या, याच्या याद्या प्रसिद्ध होतात. भाकीत करणारा गतवर्षीच्या यादीत आपला आकडा कोठे बसतो ते पाहतो. विचार वाईट नाही. आमचे शेतकरीही गेल्या साली कापसाला काय भाव आला ते पाहूनच यंदा किती पेरा करायचा ते ठरवितात. पण गेल्या सालचा भाव यंदा मिळत नाही, हेही त्यांना अनुभवाने ठाऊक असते. विद्यार्थ्यांना ते ठाऊक नसते, कारण प्रत्येकाची ही पहिलीच पेरणी असते.

२०२४ सालच्या 'नीट' परीक्षेचा निकाल ४ जूनला लागला, तेव्हा ७२० पैकी पूर्ण ७२० गुण मिळविणारे ६७ विद्यार्थी होते. पुढे तक्रारी झाल्या, प्रकरण न्यायालयात गेले आणि सुधारित निकालानंतर ही संख्या १७ वर आली. त्यानंतर एका वर्षाने, २०२५ साली, प्रश्नपत्रिका अशी अवघड निघाली की देशात पहिल्या आलेल्या विद्यार्थ्याला ६८६ गुण होते. म्हणजे ज्या गुणांना २०२४ मध्ये कोणी विचारले नसते, त्याच गुणांना २०२५ मध्ये बराच वरचा क्रमांक मिळाला. जुने कोष्टक उघडून "अजिबात नाही" म्हणणारा म्हणूनच चुकला होता. गुण पाहायचे नसतात, क्रमांक पाहायचा असतो, एवढी साधी गोष्टही त्याने ध्यानात घेतली नव्हती. जागाही दरवर्षी तेवढ्याच राहत नाहीत. २००८ साली आदिलाबादला वैद्यकीय महाविद्यालय निघाले, तेव्हा साऱ्या जुन्या जिल्ह्यात ते एकटे होते. २०१६ च्या ऑक्टोबरात त्या जिल्ह्याचे चार जिल्हे झाले. आज मंचेरियल, आसिफाबाद आणि निर्मल येथेही सरकारी वैद्यकीय महाविद्यालये आहेत. दर नव्या महाविद्यालयाबरोबर यादीची शेवटची ओळ खाली सरकते.

हे सारे ऐकताना मुलीच्या चेहऱ्यावर थोडा उजाळा आला. वडिलांना आकडे कळत नव्हते, पण तिचा चेहरा कळत होता. तेही जरा सैल होऊन बसले. आणि मला पुढचे सांगणे जड होऊ लागले.

कारण प्रश्न गुणांचा नव्हताच; तो नदीचा होता. पैनगंगेच्या अलीकडे आमचे राज्य, पलीकडे महाराष्ट्र. १९५६ साली राज्यपुनर्रचना झाली, तेव्हा आदिलाबाद जिल्ह्यातील राजुरा आणि किनवट हे तालुके मुंबई राज्यात गेले आणि आम्ही आंध्र प्रदेशात राहिलो. २०१४ पासून तेलंगणात आहोत. सोयरीक, बाजारहाट, बोली, देवदर्शन यांनी ही नदी कधी मानली नाही. आमच्या घरांतील निम्म्या सुना पलीकडून आलेल्या आणि निम्म्या लेकी पलीकडे दिलेल्या. मराठी माध्यमातून दहावी झालेल्या मुलाला इकडे तेलुगू वा इंग्रजीत पुढे शिकायचे जिवावर येते आणि नांदेड-लातूरच्या शिकवण्यांचा बोलबाला तर सर्वश्रुत आहे. म्हणून मुले गाडीत बसतात आणि मुदखेडमार्गे नांदेडला जातात. माणसे ये-जा करतात, पण प्रवेशाचे नियम मात्र नदीच्या काठाशी थांबतात.

जुन्या नियमात एक सोय होती. बारावीपर्यंतच्या सात वर्षांपैकी ज्या भागात सर्वांत अधिक काळ शिक्षण झाले, त्या भागाचा विद्यार्थी स्थानिक मानला जाई. सहावी ते दहावी इकडे आणि दोनच वर्षे नांदेडला, असा हिशेब मांडला तर ही मुलगी तेलंगणाची स्थानिक ठरत होती. परंतु २०२४ च्या जुलैमध्ये तेलंगणाच्या वैद्यकीय प्रवेश-नियमांत दुरुस्ती झाली. बारावीपर्यंतची सलग चार वर्षे राज्यातच शिक्षण झालेले असावे आणि बारावीही राज्यातूनच उत्तीर्ण व्हावी, असे ठरले. ज्या मातीत शिकले त्या मातीत पुढे डॉक्टर म्हणून राहावे, असा या नियमामागे एक विचार आहे आणि तो टाकाऊ नाही. पण जुलै उजाडला तेव्हा ही मुलगी नांदेडला बारावीच्या वर्गात बसलेली होती.

मग पलीकडे पाहावे, तर महाराष्ट्रात वैद्यकीयच्या राज्य कोट्यासाठी साधारणपणे दहावी आणि बारावी या दोन्ही परीक्षा त्याच राज्यातून उत्तीर्ण असाव्या लागतात. तिची दहावी मावल्याची. म्हणजे इकडे बारावी आड आली आणि तिकडे दहावी. उरला तो देशभरातील सर्वांसाठी असलेला सरकारी जागांचा १५ टक्के अखिल भारतीय कोटा, आणि तेथे तिचा क्रमांक पुरेसा नव्हता. तेलंगणाच्या नव्या नियमाचा वाद त्या वेळी सर्वोच्च न्यायालयापुढे होता. एवढा एकच धागा शिल्लक होता.

मी हे शक्य तितक्या हलक्या शब्दांत सांगितले. मुलगी गप्प राहिली. वडिलांनी मात्र माझ्याकडे पाहून एकच वाक्य उच्चारले. त्यात आरोप नव्हता, केवळ आठवण होती. "गुर्जी, नांदेडले पाठवू का म्हून आमी तुमालेच इचारलं होतं."

होय, विचारले होते. २०२३ च्या मे महिन्यात, याच ओसरीवर. आणि मी म्हटले होते, "पाठवा. मुलगी हुशार आहे. तिकडे तिचे भले होईल."

त्या सतरा अनोळखी उत्तरांच्या आधीचे अठरावे उत्तर माझे होते.

नियम पुढे बदलेल हे मला कळणे शक्य नव्हते, असे मी स्वतःला पुष्कळ समजावले. ते खरेही आहे. परंतु "आज असा नियम आहे, उद्या तो बदलू शकतो, आणि बदलला तर सीमेवरच्या मुलाला दोन्हीकडून फटका बसेल," एवढे तरी मी सांगायला हवे होते. नियम जे आहेत ते सांगणे हे शिक्षकाचे काम. मी तसे न करता भविष्य सांगितले होते, आणि तेही चांगले भविष्य, जे सांगताना सांगणाऱ्यालाच अधिक बरे वाटते.

त्या दिवशी मला आणखी एक मुलगा आठवला. २०१६ ची गोष्ट. आमच्या शाळेतून दहावीला त्याला ९.३ श्रेणीगुण मिळाले होते. बासरच्या राजीव गांधी ज्ञान-तंत्रज्ञान विद्यापीठात दहावीच्या गुणांवरच सहा वर्षांच्या अभियांत्रिकी शिक्षणाला प्रवेश मिळतो, हे त्याने ऐकले होते. तो वर्गाबाहेर माझी वाट पाहत उभा राहिला. "सर, माझा चान्स आहे का?" मला तालुक्याला बैठकीस जायचे होते. मी चालता चालता म्हणालो, "तिथे दहापैकी दहावाल्यांची रांग असते, बाबा. उगाच अर्जाचे पैसे कशाला घालवतोस?" सरकारी बिगर-निवासी शाळेतील मुलांच्या गुणांत ०.४ मिळविण्याची तरतूद त्या विद्यापीठाच्या नियमांत होती, हे मला काही दिवसांनी एका परिपत्रकात दिसले. तोवर मुदत टळून गेली होती. त्याने अर्ज केलाच नव्हता. गुरुजींनी सांगितले म्हणजे झाले!

त्याला प्रवेश मिळालाच असता, असे मी म्हणत नाही. यादी कोठवर आली हे पाहण्याचा धीर मला झाला नाही. परंतु ज्याने अर्ज केला नाही, त्याला तो मिळणे शक्यच नव्हते आणि ही एक गोष्ट मी निश्चित करून ठेवली होती. लहानपणी ज्या बासरच्या सरस्वतीपुढे त्याच्या आईने त्याचा अक्षराभ्यास करविला होता, त्याच बासरला जाऊ नकोस, असे मी त्याला सांगितले. आज आदिलाबादेत मोटारपंपांच्या वायंडिंगचे त्याचे दुकान आहे. धंदा चांगला चालतो. मी रस्त्याने दिसलो की हातातील काम ठेवून उठून उभा राहतो. त्याने कधी विषय काढला नाही. त्याचे ते उठून उभे राहणे मला मात्र दर वेळी जड जाते.

म्हणूनच त्या रविवारी मी मुलीला विचारले, "मला आधी का विचारले नाहीस? या वाघाच्या चित्राला का विचारलेस?"

ती बराच वेळ बोलली नाही. मग म्हणाली, "सर, तुम्हांला विचारले तर तुम्हांला माझे मार्क कळतील. मग शाळेत कळेल, गावात कळेल. तिथे माझे नाव नाही. 'नाही' म्हणाले तरी ते मला कोणी म्हटल्यासारखे होत नाही."

हे उत्तर मी आयुष्यभर विसरणार नाही. आम्ही वडीलधारी माणसे समजतो की मुले आळसाने किंवा खुळेपणाने परक्यांकडे जातात. तसे नसते. ज्या घरात आजवर कोणी बारावीच्या पुढे गेले नाही, त्या घरातील मुलीला आपली भीती कोणापुढे उघडी करावी हाच प्रश्न असतो. वडिलांना सांगावे तर ते कर्ज काढायला निघतात. शिक्षकांना सांगावे तर ते उपदेश करतात. मैत्रिणींना सांगावे तर त्या स्पर्धेत आहेत. उरतो तो परका, ज्याला आपली लाज ठाऊक नाही. तो सल्ला देतो म्हणून मुले त्याच्याकडे जात नाहीत; तो ओळखत नाही म्हणून जातात. पण ज्या कारणाने तो सुरक्षित वाटतो, नेमक्या त्याच कारणाने तो निरुपयोगी ठरतो. तुम्हांला न ओळखणारा मनुष्य बारावी कोठून झाली, हे कसे विचारणार?

गंमत अशी की, "शंभर टक्के मिळेल, निश्चिंत झोप," असे ठामपणे लिहिणाऱ्याला तिने उलट विचारले होते, की आपण कोठल्या महाविद्यालयात आहात? त्याचे उत्तर तिने मला दाखविले. तोही त्याच वर्षी परीक्षेला बसलेला, तिच्याच वयाचा मुलगा होता. निकालाच्या रात्री त्यालाही झोप नव्हती. तिला दिलेला धीर त्याने बहुधा स्वतःलाच दिला होता. ते वाचल्यावर त्या सतराजणांवरचा माझा राग मावळला. आंधळ्याने आंधळ्याला हात द्यावा तसे ते चालले होते. वाट चुकणारच, पण हात देण्यात काही पाप नव्हते.

निघताना मी तिला दोन गोष्टी सांगितल्या. त्या येथेही नमूद करतो, कारण अनेक घरांना त्यांचा उपयोग होईल. एक म्हणजे भाकीत आणि नियम यांतला फरक ओळखावा. "चान्स आहे का?" या प्रश्नाला खरे उत्तर कोणाजवळच नसते. "कोण पात्र आहे, कोणती कागदपत्रे लागतात, मुदत केव्हा संपते?" या प्रश्नांना मात्र छापील आणि निश्चित उत्तर असते, आणि विद्यार्थी नेमके हे दुसरे प्रश्न विचारीतच नाहीत. दुसरी गोष्ट महाविद्यालयांचे पर्याय भरण्याची. अभियांत्रिकी असो की वैद्यकीय, प्रवेशप्रक्रियेत विद्यार्थ्याने दिलेली यादी वरून खाली पाहिली जाते आणि त्याच्या क्रमांकाला जी पहिली जागा शिल्लक असेल ती त्याला मिळते. वरच्या पसंतीत अवघड महाविद्यालय लिहिले म्हणून खालचे सोपे हातचे जात नाही. तरीही दरवर्षी मुले कोणाच्या तरी भाकितावर विसंबून आपल्या आवडीची महाविद्यालये आधीच खोडून टाकतात. पंगतीत वाढपी अजून आपल्यापर्यंत आला नाही, तोच कोणी म्हणतो, "जिलबी संपली असेल," आणि आपण पानावरून उठून जातो, त्यातलाच हा प्रकार. यादी आवडीच्या क्रमाने लिहावी, लांब लिहावी, आणि शेवटी जे निश्चित मिळण्यासारखे आहे तेही लिहून ठेवावे. तीतील एकही नाव भीतीपोटी गाळू नये.

सप्टेंबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाचा निर्णय आला. तेलंगणाचा सलग चार वर्षांचा नियम न्यायालयाने वैध ठरविला. तो उरलेला धागाही तुटला. बातमी वाचली त्या संध्याकाळी मी तिच्या घरी गेलो. जायला नको वाटत होते, म्हणूनच गेलो. ज्याने भविष्य सांगितले त्याने ते चुकल्यावर दारात उभे राहिले पाहिजे, एवढा तरी फरक माझ्यात आणि त्या वाघाच्या चित्रात असावा. तिच्या आईने पाणी दिले. वडील वावरातून आले नव्हते. मी म्हणालो, "माझे चुकले." आई म्हणाली, "तुमी का देव हा का गुर्जी?" त्या माउलीने ते माझ्या समाधानासाठी म्हटले होते, हे मला समजत होते.

मुलगी आता नांदेडलाच बी. एस्‌सी. च्या पहिल्या वर्षाला आहे. पुन्हा परीक्षा द्यावी की नाही हे तिने अजून ठरविलेले नाही. मी विचारले नाही आणि काही वर्तविलेही नाही.

त्या सप्टेंबरापासून शाळेत मी एक जाड वही ठेवली आहे. दहावी होऊन गेलेला आमचा विद्यार्थी पुढे कोठेही प्रवेश घेवो, अथवा त्याला प्रवेश न मिळो, त्याने येऊन त्या वहीत आपल्या हाताने चार ओळी लिहाव्यात, असा नेम घातला आहे. अर्ज केव्हा केला, कोणता कागद कमी पडला, जातीचा दाखला मिळायला किती दिवस लागले, कोणाचे ऐकले आणि ते खरे निघाले की नाही. नाव लिहिण्याची सक्ती नाही. मुले परक्यापुढे मन उघडतात, मग निदान तो परका याच बाकावर बसून गेलेला असावा, एवढाच माझा हेतू. शनिवारी शाळा सुटल्यावर नववी-दहावीची मुले ती वही वाचतात. वहीत भविष्य नाही. केवळ भूतकाळ आहे, पण तो आमच्याच गावचा आहे.

वहीचे पहिले पान मीच लिहिले. बासरची हकीकत त्यावर आहे, विद्यार्थ्याचे नाव न घालता आणि शिक्षकाचे घालून.

दसऱ्याला ती मुलगी सुटीवर आली होती. आमच्या गावात सोने लुटताना मराठी घरांतून आपट्याचे पान देतात आणि तेलुगू घरांतून जम्मीचे, म्हणजे शमीचे. शेजारपाजार असा मिसळलेला, की प्रत्येकाच्या हातात दोन्ही पाने असतात. ती पाया पडली, तिने पान हातावर ठेवले आणि म्हणाली, "सर, ती वही कोठे आहे?"

सुटीच्या दिवशी मी शाळेचे कुलूप काढले. ती बाकावर बसून बराच वेळ पेन हातात धरून विचार करीत राहिली. मी बाहेर व्हरांड्यात उभा राहिलो. ती गेल्यावर पाहिले, तर तिने फार काही लिहिले नव्हते.

"चान्स आहे का असे कोणाला विचारू नका. आधी स्वतः नियम वाचा. दहावी कोठून आणि बारावी कोठून, हे तुम्हांला कोणी विचारणार नाही, तुम्हीच सांगा. आणि सरांना विचारायला लाजू नका. तेही चुकतात, पण घरी येऊन सांगतात."

खाली तिने स्वतःचे नाव लिहिले होते, पूर्ण नाव.